स्टेनलेस स्टीलचं फिनिश आणि गंज: नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये आणि इतवारीत पत्रा-पाइप घ्यायला आलेल्या घरमालकांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. भाव करताना सगळे ग्रेड विचारतात. फिनिशबद्दल विचारलंच, तर "चमक किती येईल" एवढंच. गंजाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मात्र तिथेच सापडतं, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

गेट लावून दोन महिने नाही झाले अन् तांबडे ठिपके येऊन राहिले. ३०४ ग्रेड सांगून स्वस्त २०२ तर नाही दिलं?

दिलंही असेल, पण पहिला संशय ग्रेडवर घेऊ नका. आधी ते गेट कुठल्या टेबलावर बनलं ते विचारा.

आपल्याकडच्या बहुतेक शेडमध्ये एमएस (साधं लोखंड) आणि एसएस (स्टेनलेस स्टील) एकाच छताखाली, अनेकदा एकाच टेबलावर चालतं. सकाळी एमएसच्या अँगलवर फिरलेली ग्राइंडरची घासायची फ्लॅप डिस्क दुपारी एसएसच्या वेल्डवर फिरते. शेजारी कुणी एमएसचा पाइप कापत असेल तर ठिणग्यांचा फवारा चारपाच फुटांवर उभ्या केलेल्या एसएसवर येतो. ठिणगी म्हणजे लोखंडाचा जळता कण. तो पत्र्यावर आपटला की चिकटतो आणि फडक्याने पुसून निघत नाही. डोळ्याला काही दिसत नाही. हात फिरवला तर बारीक खरखर लागते. गेट चकाचक दिसतं, पैसे चुकते होतात. मग जूनमधला पहिला पाऊस पडतो आणि प्रत्येक कण गंजून खसखशीएवढा तपकिरी ठिपका उमटतो, त्याला खाली ओघळाची शेपटी. हा गंज लोखंडाचा आहे, तुमच्या स्टीलचा नाही. निदान अजून तरी नाही. महिनोन् महिने तसाच ठेवला तर त्या कणाखाली ओल आणि क्षार धरून राहतात आणि खालचं चांगलं स्टीलसुद्धा खड्डे पडून खाल्लं जायला लागतं.

ओळखायचं कसं? ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक ॲसिड असलेल्या क्लीनरने दोनचार ठिपके साफ करा, भरपूर पाण्याने धुवा आणि भिंगातून पाहा. खाली पत्रा गुळगुळीत असेल आणि ठिपका परत येत नसेल तर दोष ग्राइंडरचा. खाली टोचल्यासारखा खड्डा दिसत असेल, किंवा ठिपक्यांऐवजी सगळ्या अंगावर तपकिरी झाक असेल, तर मग ग्रेड तपासा.

ग्रेड चुंबकाने तपासता येतं ना?

नाही. ३०४ आणि २०२ दोन्ही चुंबकाला फारसे धरत नाहीत, त्यामुळे दुकानदार चुंबक लावून दाखवतो ते नाटक आहे. उलट अस्सल ३०४ वाकवलेल्या जागी थोडं चिकटतं, कारण थंडपणी वाकवल्याने त्याची आतली रचना बदलते. चुंबक घट्ट धरलं तर ते ४३० (जवळजवळ बिननिकेलचा ग्रेड) असण्याची शक्यता जास्त, एवढंच त्यातून कळतं. खात्री हवी तर एक्सआरएफ गन. काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मँगनीज किती ते दाखवते. मोठे भंगारवाले आणि टेस्टिंग लॅब यांच्याकडे असते.

२०२ ज्यात येतो त्या २०० सिरीजमध्ये महाग निकेलचा बराच वाटा मँगनीज भरून काढतं. मँगनीजची खाण मनसरला आणि मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचं, मॉइलचं, मुख्यालय नागपुरात, म्हणून आपल्याला या धातूबद्दल आपुलकी असायला हरकत नाही. पण गंजाच्या बाबतीत ते निकेल-क्रोमियमची जागा घेत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. बाजारात 'जे४' वगैरे नावाने मिळणाऱ्या स्वस्त मालात निकेल एखाद्या टक्क्याच्या आसपास असतं आणि क्रोमियमही कमी. त्यावर कितीही पॉलिश करा, तो ३०४ होत नाही.

पण स्टील स्टीलच आहे. वरच्या फिनिशने गंजाला काय फरक पडतो?

सगळं संरक्षण वरच आहे म्हणून पडतो. स्टीलमध्ये साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनने त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो. जाडी जेमतेम एक ते तीन नॅनोमीटर. ओरखडा पडला तरी हवा मिळाली की तो आपला आपण भरून येतो. त्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ हवा, क्रोमियम पुरेसं हवं आणि ऑक्सिजन पोचला पाहिजे.

खराब फिनिश या तिन्ही गोष्टींवर घाव घालतं. खडबडीत खाचांत धूळ, मीठ, ओल अडकते आणि तिथे ऑक्सिजन पोचत नाही. ग्राइंडिंगमध्ये धातू कापला न जाता चोपला गेला तर बारीक पापुद्रे दुमडून खाली फटी राहतात. वेल्डच्या उष्णतेने वरच्या पातळ थरातलं क्रोमियम कमी होतं. शिवाय प्रत्येक स्टीलमध्ये मँगनीज सल्फाइडचे सूक्ष्म कण असतात. घासताना ते उघडे पडतात आणि मिठातलं क्लोराइड बहुधा त्यांच्याच कडेने आत शिरतं. ग्रेड म्हणजे जास्तीत जास्त किती टिकेल त्याची मर्यादा. त्यातलं प्रत्यक्षात किती पदरात पडेल ते फिनिश ठरवतं.

म्हणजे जितकं चकचकीत तितकं टिकाऊ?

इथेच लोक फसतात. गुळगुळीत पृष्ठभाग चांगला, हे खरं. पण चमक आणि गुळगुळीतपणा नेहमी सोबत येत नाहीत.

मिरर (नंबर आठ) करायचा तर घासण्याच्या ग्रिटने ८०, १२०, १८०, २४०, ४०० असं जाडकडून बारीककडे पायरीपायरीने जावं लागतं आणि प्रत्येक पायरीला आधीचे ओरखडे पूर्ण जावे लागतात. घाईत कारागीर ८० वरून थेट बफिंगच्या चाकावर उडी मारतो. बफमुळे ओरखड्यांच्या कडा वितळल्यासारख्या चेपून वर झाकण बसतं आणि वरून आरशासारखं दिसतं. आत खोल चरे तसेच, त्यात बफिंगच्या साबणाचं मेण. असा मिरर कारखान्यातून आलेल्या साध्या मिल फिनिशपेक्षा लवकर डागतो. नीट पायऱ्या घेतलेला आणि नंतर धुतलेला मिरर मात्र उत्तम.

२बी, बीए, नंबर चार, हेअरलाइन, नंबर आठ: काय घेऊ?

दिसण्याची अडचण नसेल तर २बी. कोल्ड रोल करून, ॲनील करून (तापवून मऊ करून), ॲसिडमध्ये पिकल करून, शेवटी हलका रोल फिरवलेला हा पत्रा कारखान्यातूनच स्वच्छ आणि गुळगुळीत येतो. शेडमध्ये हाताने घासलेल्या नंबर चारपेक्षा तो सहसा जास्त टिकतो, आणि स्वस्तही पडतो. तरी लोक २बी घेऊन त्यावर मॅट मारून घेतात! टाकी, डक्ट, चिमणीचं आतलं अंग, जिथे कुणी पाहणार नाही तिथे २बीला हात लावू नका.

बीए म्हणजे हायड्रोजनसारख्या वायूत ॲनील केलेला, त्यामुळे ऑक्साइड न धरलेला चमकदार पत्रा. गुळगुळीतपणात २बीच्या वर.

नंबर चार आणि हेअरलाइन घासकागदाच्या फिरत्या पट्ट्याने घासलेले. हॉटेलचं किचन, लिफ्ट, काउंटर सगळीकडे हेच, कारण बोटांचे ठसे आणि ओरखडे लपतात. गंजाच्या हिशेबाने यांत सगळ्यात जास्त चढउतार: नव्या, धारदार पट्ट्याने केलेलं नंबर चार आणि झिजलेल्या पट्ट्याने रेटून केलेलं नंबर चार यांना नाव एकच. झिजलेला पट्टा कापत नाही, तापवतो आणि फाडतो. बाहेर लावायचं असेल तर रेघा उभ्या ठेवा. पावसाचं पाणी धूळ घेऊन खाली उतरतं. आडव्या रेघांत धूळ बसते.

नंबर एक हा हॉट रोल जाड प्लेटचा खडबडीत फिनिश. बेस प्लेट, ब्रॅकेट यांना चालतो.

आरए किती मागावा?

आरए म्हणजे पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची सरासरी, मायक्रॉनमध्ये. बाहेरच्या वापराला ०.५ मायक्रॉनच्या आत ठेवा. त्याच्या वर गेलं की मळ आणि क्षार धरायला जागा वाढते. खाण्याच्या वस्तूंचा स्पर्श होतो तिथे ०.८ ही सर्वत्र मानली जाणारी वरची मर्यादा. २बी पत्रा सहसा ०.१ ते ०.५ मध्ये बसतो.

पण फक्त आरएवर भिस्त ठेवू नका. सरासरी आकडा दुमडलेले पापुद्रे दाखवत नाही आणि रुतलेलं लोखंडही दाखवत नाही. दोन पत्रे ०.४ चे असू शकतात आणि त्यातला एक पहिल्याच पावसात डागू शकतो.

वेल्डच्या बाजूचा निळा-जांभळा पट्टा बफ करून घालवला. झालं ना काम?

रंग गेला, दोष गेलाच असं नाही. वेल्डच्या उष्णतेत वर जाड ऑक्साइड धरतो, तो आपल्याला रंगीत दिसतो. त्यासाठी क्रोमियम खालच्या थरातून खेचलं जातं, त्यामुळे रंगाच्या लगेच खाली क्रोमियम कमी झालेली पट्टी तयार होते. फिकट पिवळ्या रंगाला दोष कमी. तपकिरी, जांभळ्या, निळ्याकडे गेलं की जास्त. वरवर बफ मारला तर रंग निघून नेमकी तीच कमकुवत पट्टी उघडी पडते. ती पट्टीही निघाली पाहिजे: पिकलिंगने, किंवा पुरेसं घासून आणि मग ॲसिडने साफ करून.

मुळात रंग कमी येऊ देणं सगळ्यात स्वस्त. पाइपच्या आतून आर्गनचा पर्ज द्या, म्हणजे हवा घालवून आर्गन वायू भरून ठेवा. बाहेरून वेल्ड देखणा आणि आत काळा कोळसा, असे दुधाचे पाइप पुढे अडचण करतात, कारण आतून घासायला हातच पोचत नाही. आणि ३०४ ऐवजी ३०४ एल घ्या: कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असल्याने ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात क्रोमियम कार्बाइड तयार होऊन वेल्डशेजारचे कण-सीमांवरचे भाग कमकुवत होण्याचा धोका कमी होतो. हा दोष पृष्ठभागावरचा नाही, आतला असतो. पिकलिंगच्या ॲसिड पेस्टने तो जात नाही.

पिकलिंग आणि पॅसिव्हेशन एकच का?

नाही, पण बिलावर बऱ्याचदा एकच शब्द असतो आणि काम कुठलंच पूर्ण झालेलं नसतं.

पिकलिंगमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं मिश्रण असतं. ते ऑक्साइड आणि त्याखालचा थोडा धातू खाऊन काढतं. वेल्डचा रंग याने जातो. पृष्ठभाग थोडा मंद, राखाडी होतो, तो व्हायलाच हवा.

पॅसिव्हेशन सौम्य: एकटं नायट्रिक किंवा सायट्रिक. हे वरचं मोकळं लोखंड विरघळवतं आणि क्रोमियमचा थर नीट धरू देतं. वेल्डचा काळा-निळा रंग याने जात नाही. एएसटीएम ए९६७ या अमेरिकी मानकात नायट्रिक आणि सायट्रिक, दोन्हींच्या कृती दिल्या आहेत. उदाहरणार्थ ४ ते १० टक्के सायट्रिक ॲसिड, २१ ते ४९ अंशांत, किमान २० मिनिटं. नागपुरात वर्षातले कितीतरी महिने ते पाणी तापवावं लागत नाही, एवढा फायदा आपल्या उन्हाने करून दिला आहे. आधी ग्रीस, तेल, बफचं मेण काढा. तेलकट भागावर ॲसिड फिरकतही नाही.

पिकलिंग पेस्ट लावून उन्हात ठेवली तर लवकर होईल ना?

असं कधीही करू नका. मे महिन्यात ४५ अंशांत बाहेर ठेवलेला पत्रा हात लावू देत नाही. त्यावर पेस्ट मिनिटांत वाळते, वाळलेली पेस्ट धुऊन निघत नाही, आणि जिथे उरते तिथे डाग पाडते. सावलीत, पहाटे किंवा संध्याकाळी, पत्रा थंड असताना लावा; डब्यावरच्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका; मग दाबाच्या पाण्याने धुवा, फटींतून तर दुप्पट वेळ.

आणि हायड्रोफ्लोरिक हे साधं ॲसिड नाही. सुरुवातीला फारशी आग न होताही ते कातडीतून आत उतरतं. रबरी हातमोजे, चेहऱ्याला शील्ड, मोकळी हवा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवंच. जेल नसेल तर पेस्ट उघडू नका. धुतलेलं पाणी चुन्याने उदासीन करून गाळ वेगळा काढावा लागतो. त्यात क्रोमियम-निकेल असतं, ते नालीत सोडता येत नाही.

इलेक्ट्रोपॉलिश कधी करावं?

औषध, दूध, रस अशा ठिकाणी, जिथे आतून स्वच्छ करायचं आहे आणि जंतू चिकटू द्यायचे नाहीत. फॉस्फोरिक-सल्फ्युरिक ॲसिडच्या बाथमध्ये वस्तूला पॉझिटिव्ह जोडून करंट दिला की उंच टोकं आधी विरघळतात. काही मायक्रॉन ते काही दशक मायक्रॉन धातू जातो. रुतलेलं लोखंड, पापुद्रे, उघडे सल्फाइड सगळं जातं आणि वरच्या थरात क्रोमियमचं प्रमाण वाढतं. गंजासाठी याहून चांगलं फिनिश क्वचितच मिळेल. खोल ओरखडा मात्र याने जात नाही, उलट चमकून उठून दिसतो. गेटसाठी पैसे घालू नका.

सँडब्लास्ट केलेला मॅट छान दिसतो. चालेल?

आतल्या भिंतीला चालेल. बाहेर खडबडीतपणा त्रास देतो. आणि ब्लास्टला काय वापरलं ते विचारा: स्टील शॉट, किंवा आधी एमएसवर फिरलेली वाळू असेल तर तुम्ही पैसे देऊन लोखंड रुतवून घेतलं. ताजे काचेचे मणी, आणि नंतर पॅसिव्हेशन.

कूलरची एसएस टाकी पाण्याच्या रेघेवर खाल्ली गेली. पाणी तर साधं नळाचं!

टाकीत ओतलेलं पाणी साधं असतं, दोन आठवड्यांनी टाकीत असलेलं पाणी नसतं. कूलर पाणी उडवतो, क्षार मागे राहतात. समजा पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोराइड आहे. दहातले नऊ भाग उडाले आणि वर भर घातली नाही तर उरलेल्या पाण्यात ५०० झालं. ३०४ साठी साधारण २०० पर्यंत निर्धास्त, असा सर्वसाधारण अडाखा आहे. बोअरचं पाणी असेल तर सुरुवातच जास्त आकड्यापासून.

आता टाकी रिकामी करून आत पाहा. पाण्याच्या रेघेवर पांढरट क्षारांचा कडक पट्टा, त्यात ताट्यांमधून गळलेल्या गवताच्या काड्या चिकटलेल्या. पट्टा नखाने उचकटला की खाली तपकिरी, टोचल्यासारखे खड्डे. पट्ट्याखाली ऑक्सिजन पोचत नाही आणि क्लोराइड साचतं. खड्डा तिथेच पडणार. आतल्या कोपऱ्यात वेल्ड असेल, तोही न धुतलेला, तर गळती आधी तिथून. कोपऱ्यात एमएसचा स्क्रू पडलेला सापडणं हाही नेहमीचा प्रकार.

उपाय साधे: आत २बी, कोपरे वेल्डऐवजी वाकवून, जो वेल्ड असेल तो पिकल केलेला. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण खाली करा, नुसती भर घालू नका. सीझन संपला की क्षार काढून, कोरडी करून ठेवा.

संत्र्याच्या रसाला ३०४ पुरतं का? आंबट असतो.

रसाला पुरतं. आंबटपणा सायट्रिक ॲसिडचा, आणि त्यानेच आपण पॅसिव्हेशन करतो. अडचण टिकवण्यासाठी घातलेल्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची आहे. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि टाकीच्या वरच्या रिकाम्या भागात, झाकणाखाली, थेंबांत साचतो. स्क्वॅशच्या टाक्यांना वरचा भाग आणि झाकण तरी ३१६ एल घ्या, आतून वेल्ड सपाट करून पॉलिश केलेले.

घराच्या रेलिंगला ३१६ घेऊ का?

मुंबई-रत्नागिरीत घर असतं तर हो म्हटलं असतं. तिथे खारा वारा आहे आणि ३१६ मधलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम क्लोराइडशी झुंजतं. नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इथे चांगलं फिनिश केलेलं ३०४ रेलिंगला पुरतं. माझं मत विचाराल तर ३१६ च्या फरकाचे पैसे वेल्ड पिकलिंग आणि नीट पॉलिशवर घाला. खडबडीत, न धुतलेलं ३१६ हे स्वच्छ ३०४ पेक्षा आधी डागताना दिसतं.

अपवाद: स्विमिंग पूल, ब्लीचिंगचं पाणी, लोणच्या-मिठाचं काम, आणि सोलरची गरम पाण्याची टाकी. पन्नास-साठ अंशांच्या वर क्लोराइड आणि ताण एकत्र आले की ३०४ ला चिरा जातात. रेटून केलेलं ग्राइंडिंग तो ताण पृष्ठभागात ठेवून जातं. या चिरा ३१६ लाही पूर्ण माफ करत नाहीत.

नवं घर, नवं रेलिंग, वास्तुशांतीच्या आधीच तपकिरी पडलं.

फरशीवाल्याने शेवटी टाइल्स ॲसिडने धुतल्या असतील. ते हायड्रोक्लोरिक असतं. त्याची वाफसुद्धा संरक्षक थर मोडते, थेंब पडायची गरज नाही. संडास-बाथरूमच्या ॲसिडचंही तेच. रेलिंगची संरक्षक फिल्म फरशी धुऊन होईपर्यंत काढू नका. उलट टोकही टाळा: फिल्म लावलेलं रेलिंग गच्चीवर दोन उन्हाळे ठेवलं तर गोंद भाजून पत्र्याला धरतो आणि मग तो घासताना फिनिश जातं.

डाग पडलेच असतील तर लगेच भरपूर पाणी, मग ऑक्झॅलिकवाला क्लीनर.

सोनेरी, रोझ गोल्ड पीव्हीडी रेलिंग?

पीव्हीडी म्हणजे निर्वात जागेत वाफेतून चढवलेला रंगीत थर, आणि तो अगदी पातळ आहे. लावल्यानंतर साइटवर वेल्ड किंवा कटिंग केलं तर तिथला रंग आणि संरक्षण दोन्ही गेलं. आधी बनवून मग कोटिंग करणारा शोधा, नाहीतर नको.

रोज कशाने पुसावं?

साबणाचं पाणी, मऊ फडकं, रेघांच्या दिशेने, आणि कोरडं पुसून. लोखंडी तारेची घासणी घरातच आणू नका. तुटलेली तार रुतते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहत असाल तर राखेची धूळ जास्त बसते, तिथे पाणी जरा वरचेवर मारा.

लोखंड रुतलं नाही ना, हे माल घेताना तपासायचं कसं?

पाणी मारून ओलं ठेवा, सुकू द्या, पुन्हा ओलं करा, दुसऱ्या दिवशी पाहा. कण असतील तर ठिपके येतील. लॅबला घाई असेल तर कॉपर सल्फेटचं द्रावण लावतात. मोकळं लोखंड असेल तिथे तांबं चढून गुलाबी पडतं. खाद्यपदार्थांच्या भांड्यांवर ही चाचणी करू नये.

ऑर्डरमध्ये नेमकं काय लिहू?

असं लिहा: "३०४ एल, मिल टेस्ट सर्टिफिकेटसह. पत्रा २बी, दिसणारा भाग नंबर चार, आरए ०.५ मायक्रॉनच्या आत, रेघा उभ्या. ग्राइंडिंग डिस्क, पट्टे, वायर ब्रश फक्त एसएससाठी वेगळे. सर्व वेल्ड पिकल आणि पॅसिव्हेट करून, धुऊन. डिलिव्हरीआधी २४ तास ओलं-कोरडं करून ठिपका दिसू नये." यातल्या डिस्कच्या ओळीवर फॅब्रिकेटर कुरकुर करेल. ती ओळ खोडू देऊ नका. हवं तर डिस्कचे पैसे वेगळे द्या.